मॅक्रो लेन्स घेताय? आधी अंतर मोजा

मॅक्रो लेन्सची चौकशी करणारा नवखा माणूस पहिला प्रश्न कंपनीचा विचारतो. टॅमरॉन बरी की सिग्मा? कॅननचीच घ्यावी का? प्रश्न वाईट नाही, फक्त तो शेवटी यायला हवा. आधी विचारायचं ते असं, की ज्याचा फोटो काढायचाय ते तुम्हाला किती जवळ येऊ देणार? जांबोटीच्या बाजूला ओल्या दगडावर बसलेला बेडूक, येळ्ळूरच्या भाताच्या लोंबीवरचा चतुर, वडगावात मागावर बसलेले आजोबा, कार्यालयात नवरीच्या हातातला चुडा, या सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. चतुर हातभर अंतरावरूनच उडतो. चुडा उडत नाही, पण नवरीची आत्या मध्ये येते. या अंतरावरून लेन्स ठरते, मग उजेड ठरतो. कंपनीचं नंतर बघू.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या नवख्यांसाठी हे लिहितोय. स्टुडिओत काम शिकणारी पोरं असोत की रविवारी चोर्ल्याकडं गाडी काढणारे हौशी, सामान तेच आणि पाऊसही तोच.

१:१ म्हणजे काय, ते पट्टीवर बघा

"मॅक्रो" हा शब्द लेन्सवर छापायला काही लागत नाही. ७०-३०० मिमीच्या कित्येक जुन्या झूम लेन्सवर तो असतो, आणि त्या जास्तीत जास्त १:२ पर्यंत जातात. खरी मॅक्रो लेन्स १:१ देते, म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चौकटीवर पडते. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा असतो, त्यामुळं १:१ ला फ्रेमच्या आडव्या बाजूत ३६ मिमी जागा मावते. आपल्याकडं बहुतेकांच्या हातात असतो तो त्याहून लहान, क्रॉप सेन्सर; त्यात साधारण २२ ते २४ मिमी. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं आहे. क्रॉप बॉडीवर १:१ ला ते अख्खं मावणारच नाही.

तपासायला शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी पुरे. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, फोकसची रिंग सगळ्यात जवळच्या टोकाला न्या, मग रिंगला हात न लावता कॅमेरा पुढंमागं करून पट्टीवरच्या रेघा स्पष्ट करा. फोटो काढा आणि किती मिलिमीटर आलेत ते मोजा. दुकानदार काय म्हणतो याला मग महत्त्व राहत नाही. निकॉनच्या लेन्स शोधताना एवढं ध्यानात ठेवा, की ती कंपनी अशा लेन्सना "मायक्रो" म्हणते.

मिलिमीटर म्हणजे अंतर

लेन्सच्या माहितीत "किमान फोकस अंतर ३० सेंमी" असं लिहिलेलं असतं. नवख्याला वाटतं, फुलपाखरापासून एक फूट लांब राहता येईल. तसं नाही. हे अंतर सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक बारीक गोल आणि त्यातून गेलेली आडवी रेघ असते बघा, ती सेन्सरची जागा. तिथून बॉडीची उरलेली जाडी आणि लेन्सची लांबी वजा करा, मग लेन्सच्या तोंडापासून किड्यापर्यंत खरं किती उरतं ते कळतं.

१:१ ला १०० मिमीच्या लेन्समध्ये हे उरलेलं अंतर १४-१५ सेंमी असतं, म्हणजे एका वितीपेक्षाही कमी. ६० मिमीत नऊ-दहा सेंमी. १८० मिमीत पंचवीसच्या आसपास. सोनीची एक ३० मिमीची मॅक्रो आहे, तिच्यात अडीच सेंमीसुद्धा उरत नाही. तेवढ्यात किडा तर पळतोच, शिवाय लेन्सची सावली वस्तूवर पडते. तोंडावर ऊन अडवणारा हूड लावला की सगळ्याच लेन्समध्ये हे अंतर आणखी घटतं, म्हणून अगदी जवळच्या कामाला हूड काढून ठेवावा.

माझं मत सरळ आहे. ३०-४० मिमीच्या मॅक्रो स्वस्त असतात, टेबलावर नाणी, तिकिटं, दागिने मांडून काढायला ठीक. रानात त्यांचा उपयोग नाही. १५० ते १८० मिमीच्या फुलपाखरांना उत्तम, पण जड, महाग, आणि हातात धरून स्थिर ठेवायला ताकद लागते. ९० ते १०५ मिमी हा मधला पल्ला बहुतेकांना पुरतो, चेहऱ्यालाही चालतो. अपवाद एकच. तुमच्याकडं क्रॉप बॉडी असेल आणि रानापेक्षा घरातली माणसं, लग्नं, दागिने यांचंच काम जास्त असेल तर ६० मिमीचा विचार करा. त्याचं कारण चेहऱ्यांच्या भागात येईल.

पैसे घालण्याआधी स्वस्तातली चव

मॅक्रोचा नाद आपल्याला मानवतो का, हे एवढ्या पैशाची लेन्स घेऊन कशाला बघायचं? तीन वाटा आहेत.

पहिली, लेन्सच्या तोंडावर चिमट्यानं बसणारं जोडभिंग. रेनॉक्सचं डीसीआर-२५० हे त्यातलं नावाजलेलं, ८ डायॉप्टरचं, ५२ ते ६७ मिमी फिल्टरच्या आट्यांवर बसतं. क्रॉप बॉडीबरोबर मिळणाऱ्या ५५-२५० सारख्या झूमवर हे लावलं की २५० च्या टोकाला चक्क २:१ मिळतं. गंमत म्हणजे झूमचा फोकस अनंतावर ठेवला तर वस्तू नेहमी साडेबारा सेंमीवरच स्पष्ट होते. झूम फिरवला की प्रतिमेचा मोठेपणा (१:१, २:१ वगैरे) बदलतो, अंतर तेच राहतं. नवख्याच्या हाताला सवय लागायला याच्यासारखं दुसरं काही नाही. कडा थोड्या मऊ येतात, तेवढं चालवून घ्या.

दुसरी, एक्स्टेन्शन ट्यूब. काच नसलेल्या पोकळ नळ्या, १२, २० आणि ३६ मिमीच्या संचात येतात. हिशोब सोपा आहे: नळीची लांबी भागिले लेन्सचे मिलिमीटर. ५० मिमीच्या लेन्सवर ३६ ची नळी म्हणजे ०.७२, त्यात लेन्सचा मूळचा मोठेपणा जरासा मिळवा. ५० मिमी एफ/१.८ आधीच असेल तर हा मार्ग चांगला. इलेक्ट्रिक संपर्क असलेल्या नळ्याच घ्या, नाहीतर लेन्समधलं उजेडाचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. मात्र नळी लावली की लांबचा फोकस बंद होतो. म्हणजे आत्ता मुंगी आणि पुढच्या क्षणी मित्राचा चेहरा, असं जमत नाही. नळी काढावी लागते, आणि खानापूरच्या पावसात उघड्यावर लेन्स काढणं शहाणपणाचं नव्हे.

तिसरी वाट उलट्या लेन्सची, रिव्हर्स रिंग लावून. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वैतागवाणी. कॅमेरा कसा चालतो हे शिकायला मजा, पण कामाला नको.

मोबाइलमधल्या २ मेगापिक्सेलच्या "मॅक्रो कॅमेऱ्या"वर वेळ घालवू नका.

आता कंपनी

कॅननच्या डीएसएलआरसाठी, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी, ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल आयएस, २००९ सालची, आजही जुन्या बाजारात मागणी असलेली. तिच्या आधीची बिगर-एल १०० मिमीही काचेनं तितकीच धारदार आहे, फक्त तिला आयएस, म्हणजे हात स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही (निकॉन तिलाच व्हीआर म्हणते). निकॉनची १०५ मिमी एफ/२.८ व्हीआर २००६ ची. टॅमरॉनची ९० मिमी हा तर जुना वंश. १९७९ च्या एफ/२.५ पासून चालत आलेला, आणि पोर्ट्रेट मॅक्रो म्हणूनच ओळखला जाणारा. मिररलेसवर सोनीची ९० मिमी जी, सिग्माची १०५ मिमी आर्ट, कॅनन आरएफ १०० मिमी, जी १:१ च्याही पुढं १.४ पटीपर्यंत जाते. लाओवाची १०० मिमी २:१ पर्यंत जाते.

यातली एकही लेन्स वाईट फोटो काढत नाही. ९० ते १०५ मिमीच्या मॅक्रो लेन्स काचेच्या बाबतीत इतक्या तयारीच्या असतात, की दोन कंपन्यांच्या फोटोंमधला फरक ओळखायचा म्हटलं तर जाणकारही चाचपडेल. म्हणून तुमच्या बॉडीवर नीट बसणारी आणि ऑटोफोकस चालणारी, चांगल्या अवस्थेतली जी मिळेल ती घ्या. निकॉनच्या डी३०००, डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते; जुन्या डी प्रकारच्या लेन्स आणि टॅमरॉनच्या काही जुन्या आवृत्त्या त्यांवर हातानंच फोकस कराव्या लागतात. १:१ ला आपण तसाही हातानंच करणार, पण चेहऱ्याच्या वेळी ही उणीव बोचते.

जुनी लेन्स घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च घेऊन जा. लेन्सच्या मागच्या बाजूनं तिरका उजेड टाका, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी. धुळीचे दोन-चार कण काही करत नाहीत, बुरशी करते. आपल्याकडं, विशेषतः घाटाच्या कडेच्या गावांत, कपाटात बंद राहिलेल्या लेन्समध्ये ती सर्रास सापडते. "पुसून निघेल" असं कुणी म्हणालं तर त्यालाच पुसून आणायला सांगा. मग अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का बघा, लेन्स जवळच्या टोकापासून अनंतापर्यंत दोन-तीनदा फोकस करायला लावा, मोटर अडखळते का ऐका. पट्टीची परीक्षा तिथल्या तिथं घ्या.

पहिला सराव घरात

लेन्स आली की लगेच रानात पळू नका. खिडकीजवळ एक संकेश्वरी मिरची ठेवा, वाळलेली. तिची सुरकुतलेली साल, देठाची टोपी, तुटलेल्या ठिकाणी दिसणारं बी, यावर एक आठवडा निघतो.

मिरचीवर कळेल ती मॅक्रोची खरी अडचण, डेप्थ. फुल फ्रेमवर १:१ ला एफ/८ ठेवलात तरी स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. एफ/२.८ ला तर मिलिमीटरच्या एक तृतीयांश. तुम्ही श्वास घेतलात की तो पट्टा मिरचीवरून सरकून पुढं जातो. एफचा आकडा मोठा तितकं भोक बारीक आणि पट्टा रुंद, म्हणून नवखे एफ/२२, एफ/३२ वर जातात आणि सगळाच फोटो मऊ होऊन बसतो. १:१ ला लेन्सचं अ‍ॅपर्चर प्रत्यक्षात दुप्पट आकड्यासारखं वागतं. एफ/११ म्हणजे एफ/२२ एवढाच उजेड, आणि प्रकाश बारीक भोकातून जाताना पसरतो त्याचा परिणामही तेवढाच. म्हणून एफ/८ ते एफ/११ मध्ये राहा, फार तर एफ/१६. निकॉनच्या बॉडीवर जवळ गेल्यावर एफ/२.८ चा आकडा आपोआप वाढलेला दिसतो. लेन्स बिघडलेली नाही, कॅमेरा खरा आकडा दाखवतोय.

डेप्थ वाढवता येत नसेल तर ती कुठं खर्चायची ते ठरवा. मिरची सेन्सरला समांतर ठेवा, तिची पूर्ण लांबी एकाच पातळीत येते. किड्याच्या बाबतीत हीच युक्ती: फुलपाखराचे मिटलेले पंख कॅमेऱ्याला समांतर असतील असं उभं राहा, म्हणजे एफ/८ सुद्धा भरपूर होतो. समोरून काढायचं असेल तर डोळा स्पष्ट हवा, बाकीचं विरघळलं तरी चालतं.

फोकस करण्याची रीत अशी. आधी रिंग फिरवून हवा तो मोठेपणा ठरवा. मग रिंग सोडून द्या आणि अख्खं अंग पुढंमागं हळूच हलवा, डोळा स्पष्ट होताच बटण दाबा. कोपर बरगड्यांना टेकलेलं, जमलं तर गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेकलेलं. एकाच वेळी पाच-सहा फोटोंची मालिका घ्या, त्यातला एक नेमका लागतो. ऑटोफोकस इथं पुढंमागं शोधत बसतो आणि किडा तेवढ्यात निघून जातो. हात स्थिर ठेवणारी यंत्रणाही १:१ ला तिच्या जाहिरातीतल्याइतकी चालत नाही.

ट्रायपॉड आणि वस्तू न हलणारी असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत दहा-वीस फोटो काढून संगणकावर जोडता येतात. दागिन्यांच्या कामाला ही पद्धत फार उपयोगी. रानातल्या वाऱ्यात तिच्या मागं लागू नका.

उजेड हाच अर्धा खर्च

ज्या पैशात थोडी महाग लेन्स येते त्या पैशात स्वस्त लेन्स आणि एक बाहेरचा फ्लॅश घ्या, असं मी बेधडक सांगेन. एफ/११ चा प्रत्यक्ष एफ/२२ झाल्यावर आषाढातल्या ढगाळ खानापुरात उजेड उरतोच किती? आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला असलेली संवेदना, ६४०० वर नेऊन दाणेदार फोटो आणण्यापेक्षा फ्लॅश बरा. वस्तू पंधरा सेंमीवर असल्यानं त्याला ताकदही फारशी लागत नाही. मॅन्युअलवर पूर्ण ताकदीच्या एक सोळांश किंवा एक बत्तीसांश ठेवा. इतक्या कमी ताकदीला फ्लॅशचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात संपतो, त्यामुळं तुमचा हात हलला, पान हललं, तरी फोटो गोठतो. सुरुवातीचा आकडा लिहून ठेवा: शटर १/२००, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश एक सोळांश. फोटो काळा आला तर फ्लॅश वाढवा, पांढरा आला तर कमी करा. बाकी काही हलवू नका.

उघडा फ्लॅश मात्र वाईट दिसतो. भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो, बेडकाच्या ओल्या कातडीवर तर डागच डाग. उजेडाचं तोंड वस्तूच्या मानानं जितकं मोठं आणि जितकं जवळ, तितका तो मऊ. म्हणून उजेड पसरवणारा पडदा, म्हणजे डिफ्यूजर, लेन्सच्या टोकापर्यंत पुढं यायला हवा. विकतचे मिळतात, पण आधी कुंद्याच्या मिठाईच्या रिकाम्या खोक्याला आतून चंदेरी कागद लावा, एका बाजूनं फ्लॅशचं डोकं आत घाला, आणि लेन्सच्या टोकाशी येणाऱ्या तोंडावर बटर पेपरचे दोन थर चिकटवा. दिसायला हास्यास्पद, खरं उजेड झकास. बॉडीवरच्या उघडणाऱ्या छोट्या फ्लॅशलाही हे खोकं चालतं, नाहीतर १०० मिमीची लेन्स त्याचा उजेड अडवते आणि फोटोत खाली काळी कमान येते.

फ्लॅशमध्ये मागची जागा काळीकुट्ट येते, कारण उजेड तिथवर पोचत नाही. सगळे फोटो अमावस्येला काढल्यासारखे दिसायला लागले की वस्तूच्या मागं वितीभर अंतरावर पान येईल असा कोन शोधा, किंवा आयएसओ वाढवून मागचा नैसर्गिक उजेड आत घ्या.

कधी आणि कुठं जायचं

जून-जुलैला बेडूक, सप्टेंबरला सड्यावरची, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरची फुलं, ऑक्टोबरनंतर दवात भिजलेले किडे. हे आपलं साधारण पंचांग. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला, चोर्ल्याकडं आणि पुढं आंबोलीकडं जांभ्याचे सडे आहेत. पाऊस ओसरला की त्यांवर गेंद, सीतेची आसवं, कवला यांचे ताटवे येतात. लांबून नुसता रंग दिसतो, मॅक्रोत प्रत्येक फूल वेगळं. त्यातच दवबिंदू शोधा, किडे खाणारी वनस्पती. तिच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात आणि कधी एखादं चिलट अडकलेलं असतं. तिच्यासाठी पोटावर झोपावं लागतं. झोपण्याआधी जागा काठीनं चाळवून बघा, आणि कुठल्या फुलांवर आडवे होताय तेही बघा. जळवांसाठी पायमोज्यांवर ओली तंबाखू चोळतात. निपाणीचा माल तोंडात टाकण्यापेक्षा तिथं बरा.

वाऱ्याला आणि पावसाला एकच औजार: मोठी काळी छत्री. ती वारा अडवते, ऊन आलं तर सावली करते, आणि सोबतीला आलेल्या मित्राला काहीतरी काम मिळतं. हलणाऱ्या देठाला काठीला बांधलेल्या कपड्यांच्या चिमट्यानं हलका आधार द्या.

किडे पहाटे गारठलेले असतात, पंखांवर दव असतं, उडायची घाई नसते. साडेनऊनंतर चतुराच्या मागं धावण्यात अर्थ नाही. जवळ जाताना सावली त्याच्यावर पडू देऊ नका, आणि आधी लांबून एक फोटो घ्या, मग पाऊल पाऊल पुढं.

किडे फ्रिजमध्ये ठेवून गारठवणं, बेडूक उचलून "चांगल्या" पानावर ठेवणं, हे प्रकार चालतात असं ऐकू येतं. करू नका. आपल्या हातावरचं मीठ, साबण, डास पळवायचं मलम बेडकाच्या कातडीतून आत जातं. आंबोलीच्या सड्यावरचा तिथला खास टोड पावसाच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो आणि पर्यटकांच्या चाकाखाली, पायाखाली येतो; तिथं खाली बघून चाला. भीमगड हे अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरायचं नाही. बारापेडेच्या गुहांमधली दुर्मिळ वटवाघळं फ्लॅशसाठी नाहीत.

आणि रान लांब वाटत असेल तर शेत जवळ आहे. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली भारतात पहिल्यांदा कर्नाटकातच सापडली. ती ओळखायची खूण मॅक्रोची आहे: डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं, आणि शेपटीच्या अलीकडं चौकोनात चार काळे ठिपके. नुसत्या डोळ्यांनी चाचपडावं लागतं, १:२ ला स्वच्छ दिसतं. असा फोटो कृषी अधिकाऱ्याला दाखवला तर "अळी पडली" एवढ्या वर्णनापेक्षा कितीतरी कामाचा. उसावरचा लोकरी मावाही असाच काढून बघा, पांढऱ्या कापसाखाली अख्खी वसाहत निघते.

तीच लेन्स माणसांसाठी

आता ६० मिमीचं कारण. १०० मिमी लेन्स फुल फ्रेमवर लावून दीड मीटरवरून उभा फोटो काढला तर डोकं आणि खांदे मावतात, साधारण अर्धा मीटर उंचीचा भाग. तीच लेन्स क्रॉप बॉडीवर लावली की त्याच फोटोसाठी सव्वादोन मीटर मागं जावं लागतं, आणि कमरेपर्यंतचा फोटो हवा असेल तर जवळजवळ चार मीटर. शहापुरातल्या जुन्या घरातली मधली खोली चार मीटर असते का? पाठ भिंतीला लागते. क्रॉपवर ६० मिमी म्हणजे दिसायला ९० च्या आसपास, घरात सुखाची.

चेहऱ्याचं वळण लेन्सवर नाही, अंतरावर अवलंबून असतं. मीटरभराच्या आत गेलात की नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात. दीड ते दोन मीटरवर चेहरा ओळखीचा दिसतो. मॅक्रो लेन्स जवळ फोकस करू देते म्हणून चेहऱ्यात घुसायचं नसतं.

फोकसचा पल्ला मर्यादित करणारं बटण लेन्सच्या बाजूला असतं. माणसांच्या वेळी ते "०.५ मीटर ते अनंत" अशा जागेवर टाका, नाहीतर लेन्स अख्खा पल्ला फिरून येईपर्यंत हसू ओसरतं. अ‍ॅपर्चर एफ/४ पासून सुरू करा. दीड मीटरवर एफ/२.८ ला डेप्थ साडेतीन सेंमीच्या आसपास, जवळच्या डोळ्यावर फोकस केला की लांबचा डोळा आणि नाकाचं टोक निसटतं. ८५ मिमी एफ/१.८ सारखी मागची भिंत विरघळणार नाही हे खरं. मग भिंतच लांब ठेवा. माणसाला तिच्यापासून दोन पावलं पुढं ओढलं की झालं.

मॅक्रो लेन्स कातडीवरचं प्रत्येक छिद्र दाखवते, म्हणून काहीजण तिला पोर्ट्रेटला नावं ठेवतात. मला ही तक्रार पटत नाही. उजेड कडक असेल तर कुठल्याही लेन्सनं चेहरा खरखरीत दिसतो. दारातल्या सावलीत, ओसरीवर, बाजूच्या खिडकीजवळ बसवा, फ्लॅश नको. म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्या नंतर संगणकावर पुसू नका, त्यासाठी तर गेलो होतो. "आज्जी, फोटो काढू का तुमचा?" विचारलं की उत्तर येतं, "काढ की बाबा, खरं आधी चहा घे." चहा घ्या. त्या वेळात उजेड कुठून येतो ते दिसतं आणि आज्जीचा पदर सावरायचा संकोचही जातो.

मग जवळ जा, पण चेहऱ्याच्या नव्हे, हातांच्या. मागावरच्या विणकराची बोटं आणि ताणलेला धागा, खानापुरी मातीत चाकावर भिजलेले तळवे, जात्याच्या खुंट्यावरची हिरव्या बांगड्यांची मनगटं. १:४, १:३ एवढाच मोठेपणा, एफ/५.६, शटर १/२०० च्या वर. माणूस कामात असतो, कॅमेऱ्याकडं बघत नाही, आणि तुम्ही अर्ध्या मीटरवर असूनही त्याच्या वाटेत येत नाही.

लग्नात मेंदी, मंगळसूत्राच्या वाट्या, मुंडावळ्या, जोडव्या यांचे फोटो विधीच्या गर्दीत काढू नका. सकाळी नवरीची तयारी चाललेली असते तेव्हा दागिने खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर मांडून घ्या. सोनं आरशासारखं असतं, त्यात तुमचा शर्ट दिसतो. गडद साधा शर्ट घाला आणि चमक हवी तिथं पांढरा पुठ्ठा धरा. कार्यालयातल्या एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात.

पावसाळ्यात सांभाळायचं कसं

रानातून आल्यावर ओली बॅग तशीच बंद करून ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण. लेन्स बाहेर काढा, कोरड्या सुती फडक्यानं टिपा, पंख्याखाली तासभर ठेवा. गार गाडीतून दमट हवेत आलात तर काचेवर वाफ धरते. ती पुसायची नाही, आपोआप जाऊ द्यायची. जांभ्याची लाल धूळ आधी फुंकणीनं उडवा, फडक्यानं थेट घासली तर तिचे कण काचेवर ओरखडे काढतात.

ठेवायला ड्राय कॅबिनेट (हवा कोरडी ठेवणारं कपाट) उत्तम, नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रता मोजणारा काटा. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहावा. निळं सिलिका जेल पाणी शोषून गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळं करता येतं. स्वयंपाकाचा तवा मात्र वापरू नका, जुना वेगळा ठेवा. कातडी पाऊच, फोमची जुनी बॅग यांत लेन्स महिनोन्महिने ठेवायची नाही, ओल तिथंच धरते. आठवड्यातून एकदा डबा उघडून लेन्स बाहेर काढायची, थोडे फोटो काढायचे, रिंग आणि अ‍ॅपर्चर फिरवायचं, टॉर्चनं आत बघायचं आणि पुन्हा ठेवायची.